माप दिसायलाच हवे!

मंडळी, गुलमंडीवर अर्धा किलो गूळ घेताना आपण काट्याकडे बघतो की नाही? मग ‘तुमची मेलपेटी भरली, जास्तीच्या जागेचे पैसे भरा’ असा निरोप आला, की मुकाट्याने पैसे का काढायचे? मोबाइलवरच्या बऱ्याच मेल-अ‍ॅपांत कोणते पत्र किती जागा खाते, हे यादीत दिसतच नाही. म्हणे, सामान्य माणसाला आकडे कळत नाहीत! हे मला मुळीच पटत नाही.

मायकेल एल्किन्स यांनी १९९५ साली लिहिलेला ‘मट’ हा निव्वळ अक्षरांवर चालणारा मेल-प्रोग्रॅम बघा. ना चित्रे, ना बटणे. पण आकार कसा दाखवायचा, हे आपण ठरवायचे. ६०० बाइटांचे पत्र तो एरवी ०.६ केबी दाखवतो. ‘साइझ शो बाइट्स’ हा पर्याय चालू केला, की सरळ ६००. एमबी नकोत? सगळे केबीत घ्या. दशांश नको? काढून टाका. अख्ख्या पेटीचा आकारही खालच्या पट्टीवर मांडता येतो.

मराठीत लिहिणाऱ्याला तर हे हवेच. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट घेते. ‘नमस्कार’ म्हणजे ७ चिन्हे, २१ बाइट. बेस-६४ मध्ये बांधून पाठवला तर २८. तरीही पेटी भरते ती आपल्या नमस्कारांनी नव्हे, लग्नाच्या फोटोंनी. आकडा दिसल्याशिवाय हे कळणार कसे?

ज्याच्याकडून भाडे घ्यायचे, त्याला माप दाखवायचे. एवढेच म्हणणे आहे.