आधी ताबा, मग खरेदीखत

मैत्रिणींनो, रांजणगाव एमआयडीसीमुळे आपल्या कारेगावात भाड्याच्या खोल्यांना कायम मागणी. त्यामुळे विकायला निघालेल्या घरात भाडेकरू असू शकतो. मालक म्हणतो, "खरेदीखत करून टाका, तो जाईल." यावर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०९ नुसार घराबरोबर भाडेकरूही आपल्याकडे येतो. मग तो निघेना, तर नोटीस आणि कोर्ट हाच रस्ता. पाणी-वीज तोडणं, बाहेरून कुलूप ठोकणं कायद्यात बसत नाही आणि आपल्या अहिंसेत तर नाहीच. आत कुणाचा तरी संसार आहे. म्हणून साठेखतातच लिहून घ्या: रिकाम्या घराचा ताबा मिळेल तेव्हाच खरेदीखत आणि उरलेली रक्कम. व्यवहार पुरुष करत असले, तरी हे आपण बोलायलाच हवं.