नवा दिला, जुना घेतला

"अरे, नवं देऊन जुनं कोण घेतं?"

बाबांचा फोनवरचा हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, "नोकरी आहे ना रे नीट?"

नोकरी नीट आहे. तरीही मी दोन वर्षं वापरलेला, चकाचक, कर्जावर घेतलेला ट्रक डीलरला देऊन टाकला आणि १९९० सालचा फोर्ड एफ-१५० घेतला. माझ्या टीममधली दोन पोरं या ट्रकपेक्षा वयानं लहान आहेत. याला आता चौदा महिने झाले. मध्यंतरी ऑफिसमधल्या तिघांनी "मलाही असंच करायचंय" म्हणून विचारलं, आणि प्रत्येकाच्या तोंडी कारण एकच: पैसे वाचतात ना! म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकू. माझं मत असं की निर्णय चांगला होता, पण पैसे वाचवायला हे करायचं असेल तर करू नका.

आधी एक खुलासा. इकडे टेक्ससमध्ये 'ट्रक' म्हणजे पिकअप. पुढे माणसं, मागे उघडा हौदा. आपल्याकडचा 'हॉर्न ओके प्लीज'वाला नव्हे. शेतकरी, प्लंबर, वकील, सॉफ्टवेअरवाला, सगळे तोच चालवतात. फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून अमेरिकेत सर्वांत जास्त विकला जाणारा ट्रक आहे. ऑस्टिनला राहायला आल्यावर दोन-तीन वर्षांत आपल्यालाही वाटायला लागतं की हौद्याशिवाय आयुष्य अपुरं आहे. मग होम डेपोतून चार फळ्या आणायला आपण अडीच टनांचं धूड घेतो. असो.

हिशोब

नव्या ट्रकची कंपनी कोणती हे महत्त्वाचं नाही, सगळ्यांचं गणित सारखंच. करबीर धरून ४८,००० डॉलर. मी ६,००० रोख भरले, उरलेले ४२,००० बँकेकडून, ७ टक्क्यांनी, ७२ महिन्यांसाठी. हप्ता ७१६ डॉलर. घेताना सेल्समन फक्त हप्त्याचा आकडा बोलत होता आणि मीही तेवढाच ऐकत होतो. रोज लूपमधली चूक शोधणारा माणूस चक्रवाढ व्याजापुढे कसा मठ्ठ होतो, हा संशोधनाचा विषय आहे :-)

दोन वर्षांत मी १७,००० च्या वर हप्ते भरले. त्यातले ५,१०० व्याजात गेले. बँकेचे २९,९०० अजून बाकी. डीलरनं ३१,००० देऊ केले. म्हणजे सगळं फेडून माझ्या हातात आले ११०० डॉलर. सुरुवातीचे ६,००० धरले तर दोन वर्षं तो ट्रक वापरायचे मी महिन्याला साधारण ९२० डॉलर मोजले. पेट्रोल वेगळं. विमाही वेगळा, आणि तो पूर्ण घ्यावाच लागतो, कारण गाडी तारण आहे आणि बँकेला तिचं तारण शाबूत हवं असतं.

तरी मी नशीबवान. डीलरनं २७,००० म्हटलं असतं तर गाडी देऊनही मीच बँकेला २,९०० देणं लागलो असतो. पुष्कळ लोकांचं असंच होतं, आणि डीलर गोड हसून ती बाकी पुढच्या गाडीच्या कर्जात घालून देतो. म्हणजे जी गाडी दारात नाही तिचे हप्ते आपण भरत राहायचे. तुमचं असं असेल तर पुढचं वाचू नका. आधी कर्ज खाली आणा.

आता जुना ट्रक. ५,८०० डॉलर रोख, वर टेक्ससचा सव्वासहा टक्के कर. चौदा महिन्यांत टायर, ब्रेक, एसी, सीट वगैरेवर आणखी ४,३००. हप्ता शून्य. कागदावर तर भलतीच बचत दिसते. पण मी एका वहीत तास लिहून ठेवलेत. आतापर्यंत १६० तास झाले. म्हणजे ऑफिसचा अख्खा महिना. माझ्या पगाराच्या दरानं हे तास मोजले तर बचत उडून जाते. आणि नवा ट्रक सहा वर्षं फेडला असता तर तोही माझाच झाला असता की! त्यामुळे 'जुनं घ्या, पैसे वाचवा' हे अर्धसत्य आहे. तुमचे शनिवार-रविवार फुकट धरले तरच ते खरं.

मग घेतला कशाला?

मला त्या ट्रकच्या हौद्यात लाकडी ड्रॉवर बसवायचे होते. कॅम्पिंगला फ्रीज चालावा म्हणून दुसरी बॅटरी. मागे दोन दिवे. एवढंच. जगावेगळं काही नाही.

कर्जाच्या कागदांत, बँकेला न विचारता गाडीत बदल करू नका, असं एक कलम होतं. वॉरंटीचं दुसरं भय. खरं तर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार बाहेरचा पार्ट लावला एवढ्याच कारणावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. पण हा वाद घालायला काउंटरपाशी उभं कोण राहणार? ४८,००० च्या वस्तूला ड्रिल लावताना हात थरथरतो. माझा थरथरला. दोन वर्षांत मी त्या ट्रकला एक भोक पाडलं नाही.

आणि दिव्यांची गंमत बघा. नव्या गाडीत दिवा म्हणजे नुसती वायर आणि बटण नसतं. मध्ये एक कॉम्प्युटर असतो, तो किती करंट गेला हे मोजतो. कमी करंट खाणारा एलईडी लावला की त्याला वाटतं बल्ब गेला, आणि डॅशबोर्डवर तक्रार सुरू. यात चूक कोणाची नाही, सिस्टिम त्याच हिशोबानं बांधलेली आहे. मीही असल्याच सिस्टिम बांधतो. पण सोर्स कोड दुसऱ्याकडे, तारण बँकेकडे आणि माझ्याकडे काय, तर चावी आणि हप्ता. याला मालकी म्हणायची का?

१९९० च्या एफ-१५० चं बॉनेट उघडलं की आधी जमीन दिसते. खरंच! इंजिनाच्या बाजूला इतकी जागा आहे. ४.९ लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत. हे इंजिन फोर्डनं १९६५ ते १९९६ अशी एकतीस वर्षं बनवलं. टायमिंगसाठी त्यात बेल्ट नाही, चेनही नाही, थेट गिअर. ताकद दीडशे हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे आजच्या मध्यम सेडानपेक्षा कमी. घाई हा प्रकार त्याला ठाऊक नाही.

यातही कॉम्प्युटर आहे, पण त्याच्याशी बोलायला पेपरक्लिप पुरते. बॉनेटखाली एक कनेक्टर आहे, त्यात क्लिप घालून चावी फिरवायची आणि 'चेक इंजिन'चा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. दोनदा, थांबा, एकदा: कोड २१. पुस्तकात बघायचं: कूलंटच्या तापमानाचं रीडिंग मर्यादेबाहेर. इतक्या वर्षांनी सेन्सर थकला होता. वीस डॉलरचा नवा सेन्सर लावला, पुन्हा मोजलं. एकदा, थांबा, एकदा: ११. म्हणजे सगळं ठीक. पंधरा वर्षं प्रोग्रॅमिंग करतोय, पण टेस्ट पास झाल्याचा इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

जुनं ते सोनं असं मी अजिबात म्हणत नाहीये. १९९६ पासून इथे सगळ्या नव्या गाड्यांना एकच ओबीडी-२ पोर्ट सक्तीचा झाला आणि ते चांगलंच झालं. एसीचं घ्या. माझ्या ट्रकमध्ये आर-१२ हा जुना वायू होता. ओझोनच्या थराला तो घातक, म्हणून माँट्रियल करारानंतर अमेरिकेत त्याचं उत्पादन १९९५ अखेर बंद झालं. मला सगळी सिस्टिम धुऊन, सील बदलून आर-१३४ए भरून घ्यावा लागला. ऑस्टिनच्या ऑगस्टमध्ये एसीशिवाय ऑफिसला पोचलात तर मीटिंगमध्ये शेजारची खुर्ची रिकामी राहते.

चुकण्याचा हक्क

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो.

जुन्या ट्रकमध्ये हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या बटणातून जातो. लांबलचक बारीक वायर, वाटेत व्होल्टेज पडतं, दिवे पिवळट. यावर एक जुना उपाय आहे. बॅटरीपासून थेट जाड वायर आणायची, मध्ये रिले लावायचा, आणि बटणानं फक्त रिले चालू-बंद करायचा. साठ डॉलरचं काम. मी एका रविवारी केलं. रात्री भिंतीवर पांढराशुभ्र उजेड पडला, आणि मी बायकोला हात धरून बाहेर नेऊन दाखवला. ती म्हणाली, "छान. आता जेवायला चल."

पुढच्या आठवड्यात विंबर्लीहून एकटाच परत येत होतो. डोंगराळ भाग, वळणाचा रस्ता, कडेला एक दिवा नाही. आणि एका खड्ड्यावर दोन्ही हेडलाइट गेले. कमी झाले नाहीत, गेले. ताशी पन्नास मैलांचा वेग आणि समोर शाई. रस्ता शेवटचा कुठे वळत होता तेवढ्या आठवणीवर ब्रेक दाबत मी गाडी कडेला घेतली. मिनिटभर स्टिअरिंग सोडवेना.

मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघितलं. दोन्ही दिव्यांचं अर्थिंग मी एकाच टोकाला जोडलं होतं, आणि ते टोक नीट क्रिंप केलं नव्हतं. हिसक्यानं निघालं. ना फोर्डची चूक, ना वयाची. माझी. ऑफिसमध्ये हेच एखाद्या ज्युनिअरनं केलं असतं तर मी त्याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर'वर अर्धा तास ऐकवलं असतं.

मालकी म्हणजे काय, याचं उत्तर मला त्या रस्त्याच्या कडेला मिळालं. मालकी म्हणजे चुकायचा हक्क, आणि चुकीचं बिल स्वतःच्या नावावर येणं. नव्या ट्रकमध्ये मला चुकताच येत नव्हतं. ती सोय होती, कैद नव्हती, हे मान्य करायला हवं. लोक तिचेच ९२० डॉलर देतात आणि त्यात मूर्खपणा काही नाही. मला मात्र हाताला काम हवं होतं, आणि त्या कामाची जोखीम मी आधी मोजली नव्हती.

त्याच रात्री बायकोनं दुसरं बिल हातात ठेवलं. तिनं आवाज न चढवता विचारलं, "ईरा तुझ्याशेजारी असती तर?" ईरा म्हणजे आमची मुलगी, वय सहा. मी गप्प. या ट्रकला एअरबॅग नाही. दोन्ही पुढच्या एअरबॅग इथे ट्रकना सक्तीच्या झाल्या त्या १९९९ च्या मॉडेलपासून. गाडी घसरताना सावरणारं ईएससी २०१२ च्या मॉडेलपासून. मागचा कॅमेरा मे २०१८ पासून. यातलं काहीही मला ड्रिल घेऊन बसवता येत नाही. शेजारच्या गॅरेजवाल्यालाही येत नाही. नव्या ट्रकच्या हप्त्यात हेही होतं, आणि माझ्या हिशोबाच्या वहीत त्याला रकानाच नव्हता.

तेव्हा घरात नियम झाला. ईरा जुन्या ट्रकमध्ये रस्त्यावर बसणार नाही. कॅम्पिंगला ती आईबरोबर तिच्या गाडीतून येते, मी मागून सामान घेऊन येतो. ज्या ड्रॉवरसाठी हा उपद्व्याप केला ते आता बसलेत, पण ते बघत तिच्याशी गप्पा मारत जायचं चित्र मी रंगवलं होतं, ते राहिलं. याची रुखरुख आहे, आणि ती राहणार.

म्हणून विचारणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. तीन गोष्टी असतील तर जुना घ्या: बँकेची बाकी गाडीच्या किमतीपेक्षा कमी असेल, घरात दुसरी, सुरक्षित गाडी असेल, आणि काम स्वतः शिकायची हौस असेल. यातली एक जरी नसेल तर हप्ते भरत राहा. सहा वर्षांनी तो ट्रकही तुमचाच आहे, आणि तेव्हा त्याला भोकं पाडताना हातही थरथरणार नाही.

रिलेचं काम मी पुन्हा केलं. प्रत्येक दिव्याला वेगळं अर्थिंग, वेगळा फ्यूज. ईरा ड्राइव्हवेवर उभी राहून पाने देत होती. दहा आणि अकरा नंबरचा पाना ती आता न बघता ओळखते. बाबा व्हिडिओ कॉलवर सगळं बघत होते. रविवारी सकाळी बजाज स्कूटर तिरकी करून किका मारणारा माणूस तो, शेवटी त्यांनाही राहवलं नाही. बॉनेटखाली कॅमेरा फिरवायला लावला, प्लग कुठे आहेत ते विचारलं, खूश झाले. मग हमखास येणारा प्रश्न आलाच.

"किती देते रे?"

"लिटरला साडेसहा."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.