मान्ना साठवून ठेवता येत नाही

जुन्नर-आंबेगावकडच्या ख्रिस्ती घरांत रोजच्या प्रार्थनेचा, वाचनाचा विषय काढला की एक उत्तर ठरलेलं असतं: "आपलं तारण कृपेनं आहे, कर्मानं नाही." पाठोपाठ इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय. तिथे चर्चा संपते. बऱ्याच घरांत प्रार्थनाही तिथेच संपलेली असते.

या उत्तरामागची धास्ती मी हसण्यावारी नेत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीनं जुन्नरला काम सुरू केलं. त्या काळात आणि पुढेही महाराष्ट्रात जे ख्रिस्ती झाले, त्यांतल्या कितीतरी जणांना आधी देवळाची पायरीसुद्धा चढू दिलेली नव्हती. सोवळं, मुहूर्त, दक्षिणा यांतून सुटलेल्यांच्या नातवंडांना 'रोज अमुक वेळी अमुक करा' ऐकून जुना फास पुन्हा गळ्याशी आल्यासारखं वाटलं तर नवल नाही. पण धास्ती खरी असली म्हणून युक्तिवाद खरा ठरत नाही.

कृपा आणि नेम यांची झुंज लावणाऱ्यांनी शास्त्र नीट उघडून पाहावं. लूक सांगतो की येशू शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला तो आपल्या परिपाठाप्रमाणे. धरून दिला जाण्याच्या रात्री जैतुनांच्या डोंगराकडे गेला तोही परिपाठाप्रमाणेच. यहूदाला तो कुठे सापडेल हे ठाऊक होतं ते त्या जागी नेहमी जाण्यामुळे. म्हणजे प्रभूनं नेम सोडला असता तर कदाचित ती रात्र टळली असती. त्यानं सोडला नाही. पेत्र आणि योहान मंदिराकडे निघाले ते प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळी, नवव्या ताशी, आणि वाटेत त्यांना तो पांगळा भेटला. आत्म्याची प्रेरणा होईल तेव्हा बघू म्हणून दोघे घरी बसले असते, तर तो सुंदर नावाच्या दरवाजाशी हात पसरून बसूनच राहता. पोकळ बडबडीवर येशूनं ताशेरे ओढले हे खरं. पण ते मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, आणि लगेच खाली त्यानं रोजची भाकर रोज मागायला शिकवलं आहे.

कुकडीचं आवर्तन सुटायच्या आधी आपण चारी साफ करतो. चारी साफ केल्यानं येडगावचं धरण भरत नाही, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. चारीत गवत माजलं तर सुटलेलं पाणी आपल्या वावरात पोचत नाही, हेही शिकवावं लागत नाही. नेमाची लायकी एवढीच आहे, आणि एवढी पुरेशी आहे.

अभ्यासू प्रतिपक्षी इथे जॉन वेस्लीला पुढे करतो. ऑक्सफर्डला वेळापत्रक लावून उपास-प्रार्थना करणाऱ्या त्याच्या मित्रमंडळाला लोकांनी टिंगलीनं 'मेथडिस्ट' म्हटलं. इतकं करून वेस्लीला शांती मिळाली नाही. ती मिळाली 24 मे 1738 च्या संध्याकाळी, लंडनमधल्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका बैठकीत. मुद्दा वजनदार आहे, मान्य. नेमानं शांती विकत मिळत नाही हे त्यातून सिद्ध होतं. पण त्या संध्याकाळनंतर वेस्लीनं नेम टाकला का? उलट छोटे छोटे गट करून दर आठवड्याला एकमेकांची विचारपूस करायची शिस्त त्यानं हजारो लोकांना लावली.

दुसरा पक्ष उज्जीवन सभांचा. मोठा मंडप, कर्णे, बाहेरगावचा वक्ता, तीन रात्री डोळ्यांत पाणी. चौथ्या दिवशी टोमॅटोची तोडणी असते, क्रेट भरायचे असतात, आणि नारायणगावचा बाजार हंगामात रविवारसुद्धा पाहत नाही. सभेत पेटलेलं मन बाजारभावाच्या पहिल्या घसरणीला विझतं, मग पुढच्या सभेची वाट पाहणं सुरू होतं. अरण्यातल्या इस्राएलांनी मान्ना दुसऱ्या दिवसासाठी ठेवून पाहिला तर त्यात किडे पडले. सभेत मिळालेलं वर्षभर पुरवू पाहणाऱ्यांनी निर्गमचा सोळावा अध्याय पुन्हा वाचावा.

सभेचे कैवारी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं नाव घेतात. घेऊ देत, ते तर आपल्याच पुणे जिल्ह्यातलं. केडगावला 1905 च्या जूनअखेर जे उज्जीवन झालं त्याची कीर्ती जगभर गेली. पण सांगणारे जूनपासून सुरुवात करतात आणि जानेवारी गाळतात. त्या जानेवारीत रमाबाईंनी आश्रमातल्या मुलींना विचारलं, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? सुमारे 70 जणी पुढे आल्या. रोज बसल्या, संख्या वाढत गेली. जवळजवळ सहा महिने सांगण्यासारखं काही घडलं नाही! दळण, विणकाम, शिकणं, आणि रोजचं बसणं. उज्जीवनाची ती रात्र या बैठकीवर उतरली. त्याच रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या, वर्षानुवर्षं, थेट 1922 मध्ये देह ठेवेपर्यंत. त्या कामासाठी कुणी मंडप घातला नव्हता.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो: हे सगळं वारकऱ्यांसारखं वाटतं. वाटू दे. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला आहे. हरिपाठ ऐकतच या मुलखातल्या पिढ्या वाढल्या. नारायण वामन टिळक तर उघड म्हणत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. पूल ओलांडला म्हणून तो पाडायचा नसतो.

मग करायचं काय? फार थोडं. माझ्या डोळ्यांसमोर एक घर आहे. आई भाकरी थापते आणि सातवीतला मुलगा चुलीशेजारी एक स्तोत्र मोठ्यानं वाचतो. ओळ गाळली की ती तव्यावरची नजर न हलवता म्हणते, "मागची राहिली." तिला वाचता येत नाही, ऐकून पाठ झालंय. बापाची गोष्ट वेगळी. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की उसाच्या कडेनं बॅटरी घेऊन जावं लागतं, आणि जुन्नर तालुक्यात उसाच्या कडेला काय बसलेलं असू शकतं हे सांगायची गरज नाही. तो मोटार चालू करेपर्यंत 121 वं स्तोत्र म्हणतो. बिबट्याची भीती हे कारण आध्यात्मिक नाही, असं कुणी म्हणेल. स्तोत्रकर्त्यालाही डोंगराकडे पाहून मदतीचीच चिंता पडली होती. घोडेगावच्या पलीकडे, जिथे पाळक महिन्यातून एकदा पोचला तरी पुष्कळ, तिथे चूल आणि मोटारीची पेटी हेच उपासनेचं ठिकाण.

देण्याचंही तसंच. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका शंभराहून अधिक वर्षं प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढत आल्या आहेत, आणि त्या मुठींवर तिथल्या मंडळीचं मोठं काम उभं आहे.

नेमाच्या बाजूचे म्हणवणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. हल्ली व्यासपीठावरून 21 दिवसांत सवय लावण्याचा मंत्र दिला जातो. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून सुटलेला आहे. रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किती दिवस लागतात यावरचं त्याचं ते निरीक्षण. लंडनमध्ये पुढे झालेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले, कुणाला 18, आणि काहींना 250 च्या आसपास लागतील असा हिशेब. शिवाय एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही असंही दिसलं. ते ऐकून मला हायसं वाटलं, कारण मोबाइलमधली ॲप एक दिवस चुकला की मोजणी शून्यावर आणतात आणि माणसाला अपराधी करून सोडतात. हेच खरं कर्मकांड. फक्त भटजी खिशात आलाय. सकाळी गटावर वचनाचं चित्र पुढे ढकलणं हाही नेम नव्हे. ते वाचलेलं नसतं, हे ढकलणाऱ्यालाही माहीत असतं.

पुढच्या उज्जीवन सभेचं पत्रक छापताना मागची बाजू कोरी असतेच. तिथे वक्त्याचा आणखी एक फोटो टाकण्याऐवजी तीस स्तोत्रांचे क्रमांक छापा, आणि खाली नाव लिहायला एक रेघ सोडा: घरात मोठ्यानं कोण वाचणार?