लाइन त्यांची नाही, मग दंड आपल्याला का?

घर बदलायचे ठरले की गॅस, मुलांचे दाखले, आधारवरचा पत्ता अशी कामांची यादी निघते. हल्ली त्यात वायफायचीही भर पडली आहे. नव्या पत्त्यावर त्याच कंपनीची लाइन असेल तर शिफ्टिंगचे पैसे भरून काम होते. नसेल तर उत्तर येते, "मुदतीआधी बंद करताय, उरलेले पैसे मिळणार नाहीत." कधी वर शुल्कही मागतात. माझ्या मते हे अन्यायाचे आहे आणि आपण ते मुकाट्याने सोसू नये.

माझ्या नणंदेकडे हेच झाले. तिच्या यजमानांची पुण्याहून तालुक्याच्या गावी बदली झाली. तिकडे आमची लाइन नाही, हे कंपनीच्याच माणसाने सांगितले. तरी वर्षाच्या प्लॅनचे उरलेले सात महिने बुडाले. ती सेवा घ्यायला तयार होती, कंपनीच देऊ शकत नव्हती. मग करार मोडला कोणी?

आता कंपनीची बाजूही बघू. वर्षाचे पैसे एकदम भरले म्हणून सूट मिळते, राउटर मिळतो, जोडणीचा खर्च माफ होतो. आपल्यातल्या कितीतरी जणी दुकानदारांच्या घरातल्या आहेत. घेतल्या मालाचे पैसे चुकते करायचे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून राउटर परत करावा आणि वापरलेल्या महिन्यांची सूटही सोडावी. समजा, वर्षाचे ९,६०० रुपये भरले आणि महिन्याचा साधा दर १,००० आहे. पाच महिने वापरले तर ५,००० कंपनीचे, ४,६०० आपले. एवढा सरळ हिशेब असताना सगळेच पैसे गिळायचे कारण काय?

कायदाही याच बाजूचा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७४ सांगते की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मागता येते आणि ती त्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणाऱ्या कराराला 'अनुचित करार' म्हटले आहे. जर्मनीत २०२१ पासून नियम आणखी स्पष्ट आहे. नव्या घरी कंपनी सेवा देत नसेल, तर एक महिन्याची नोटीस देऊन ग्राहकाला करार संपवता येतो.

आपल्याकडे भाड्याच्या घराचा करार बहुतेक वेळा ११ महिन्यांचा आणि इंटरनेटचा प्लॅन १२ महिन्यांचा! भाड्याने राहणाऱ्या किंवा बदलीची नोकरी असलेल्या घरांनी सूट थोडी कमी मिळाली तरी महिन्याचा किंवा तीन महिन्यांचाच प्लॅन घ्यावा, असे मला वाटते. वर्षाचा घ्यायचाच असेल तर पैसे भरण्याआधी विचारा, "लाइन नसलेल्या ठिकाणी गेलो तर किती परत मिळेल?" उत्तर मेसेजवर किंवा ईमेलवर घ्या. तोंडी आश्वासन पुढे कोणी ओळखत नाही.

घर बदलताना नवा पत्ता ईमेलने कळवा आणि तिथे सेवा नाही, हे लेखी मागा. तो कागदच आपला पुरावा. राउटर दिल्याची पावती घ्या. कनेक्शन यजमानांच्या नावावर असेल तर ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येतो, म्हणून हे काम ते घरी असताना करा. तक्रार केली की डॉकेट नंबर लिहून ठेवा. दाद लागली नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.

रक्कम चार-पाच हजारांची, म्हणून आपण सोडून देतो. बदलीच्या धावपळीत कोण भांडत बसणार, हे कंपनीलाही पक्के ठाऊक असते. म्हणून लाइन नसलेल्या ठिकाणी जाणाऱ्याकडून शुल्क घ्यायचे नाही आणि उरलेले पैसे परत द्यायचे, हे ट्रायने सगळ्या कंपन्यांवर बंधनकारक करावे. तोवर मागणे आपल्या हातात आहे, आणि निदान लेखी मागितल्याशिवाय तरी एक रुपयाही सोडू नका.