श्रद्धेला जामीन कोण?

बँकेच्या नोकरीत काही वर्षे मी वसईला होतो. माझ्या एका सहकाऱ्याची आई गेली, तेव्हा मी प्रथमच चर्चमध्ये बसून संपूर्ण मिस्सा ऐकली, तीही मराठीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली, त्याचे हे फळ.

सगळा धर्मग्राम प्रार्थना म्हणत होता. तो मात्र ओठ मिटून उभा. बाहेर आल्यावर म्हणाला, "साहेब, आज माझा देवावर राग आहे. पण मी गप्प होतो तरी गाव माझ्यासाठी बोलत होतं ना!"

श्रद्धा म्हणजे भावना, असे आपण सहज म्हणतो. पण भावनेला भरती असते तशी ओहोटीही असते. ओहोटीत माणसाला धरून ठेवतात ती शेजारची माणसे. याच वसईतल्या कॅथलिकांनी १९१८ साली एकमेकांच्या विश्वासावर सहकारी पतसंस्था उभी केली. तिचीच पुढे बँक झाली. कर्जाला जामीन लागतो, हे आम्हा बँकवाल्यांना पाठ असते. श्रद्धेलाही तो लागतो, हे मला त्या दिवशी कळले.

आता केळीच्या वाड्या जाऊन तिथे इमारती आल्या आहेत. रविवारी शेजारच्या बाकावर कोण बसले आहे, हे ठाऊक नसते. हा प्रश्न एकट्या चर्चचा नाही. आपल्या आळीतल्या भजनाचाही आहे. पूर्वी जामीन वाडवडिलांच्या ओळखीने मिळत असे. आता तो आपणच, शेजारचे दार वाजवून, व्हायला हवे.