आरशाचा कान पिळताना

दुर्बिणीचा आरसा घरी घासणे हा छंद नव्हे, व्रत आहे. ते माझ्याकडून दोनदा मोडले. सहा इंची काच घासून गोल खोलगट करणे जमते. पण गोल आरशात कडेचे किरण मधल्यांच्या अलीकडेच एकवटतात आणि चित्र धूसर होते. हवा असतो परवलय. एक मीटर नाभीय अंतराच्या आरशात दोहोंतला फरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी! तेवढाच घासायला जावे, तर हात नेमका जास्त चाले. "तुमचा शनी आमच्याच राशीला आलाय," सौ. म्हणे.

2000 साली ॲलन ॲडलर या अमेरिकन संशोधकाने यावरची युक्ती प्रसिद्ध केली. तिसरी काच मी गोलच ठेवली. पाठीमागे कडेला गोल आधार दिला, मधोमध चकती चिकटवून स्क्रू बसवला. नट आवळला की मध्य किंचित मागे ओढला जातो आणि काच लवून परवलयाजवळ येते.

2003 ची नरकचतुर्दशी. अभ्यंगस्नानापूर्वीच गच्चीवर शनी धरला. नट जरासा फिरवला, कडी स्पष्ट झाली. आणखी जरा, आणि कड्यांमधली कॅसिनीची काळी फट! मोह आवरेना; आणखी आवळला, तर चित्र विसकटले. मुकाट्याने नट मागे घेतला.

मग धाकट्याने डोळा लावला. "पाणी निवतंय!" अशा खालून हाका येत होत्या, तरी तो हलेना. गणितात गुण कमी पडले म्हणून आदल्याच दिवशी मी त्याचा कान पिळला होता. तो अजून लालच होता.

त्या दिवसापासून पिळतो तो फक्त आरशाचा, तोही बेताने.