एक नाव, दोन रूट!

दोस्तांनो, उबुंटू लिनक्सवर मायएसक्यूएल बसवलं, 'रूट' या नावानं आत जायला निघालात, की कधी कधी फाडकन उत्तर येतं, प्रवेश नाकारला! सोबत आकडा १६९८. पासवर्ड दहादा टाका, दार काही उघडत नाही. असं का बरं?

गंमत अशी, की इथे 'रूट' दोन असतात. एक लिनक्सचा, दुसरा डेटाबेसचा. नाव एकच, खाती वेगळी! उबुंटूवर डेटाबेसचा रूट बहुधा पासवर्ड विचारतच नाही. तो लिनक्सला विचारतो, "दाराशी कोण आहे?" लिनक्स म्हणालं "रूट", तरच कडी निघते. म्हणून नुसतं 'सुडो मायएसक्यूएल' असं टाइप करा. आता पासवर्ड मागितलाच, तर तो तुमच्या लिनक्स खात्याचा द्यायचा.

आकडा १०४५ असेल, तर मात्र आधी नाव आणि पासवर्ड नीट तपासा.

काही जण वैतागून पासवर्डची तपासणीच बंद करून ठेवतात. तसं मुळीच करू नका हं! त्यात शाळेचे गुण असले, तर कुणीही आत शिरून नापासाला पास करील, नि पासाला नापास! त्यापेक्षा रोजच्या कामासाठी वेगळं खातं उघडा आणि लागेल तेवढीच परवानगी द्या.

जाता जाता, १९९५ साली आलेल्या मायएसक्यूएलमधलं 'माय' म्हणजे आई नव्हे. ते मायकेल विडेनियस यांच्या मुलीचं नाव. धाकटी मारिया. २००९ मध्ये सुरू झालेल्या मारियाडीबीला तिचं नाव मिळालं!

घरच्या संगणकावर करून बघा, पण आईबाबांना विचारूनच.